अंबक्कांचा उजवा डोळा

अवरेकाईचा, म्हणजे इकडच्या पावट्याच्या शेंगांचा, ढीग अर्धाच सोलून झाला होता. जानेवारीत बेंगळुरात ज्याच्या त्याच्या घरी हेच काम: शेंगा सोला, दाणे भिजत घाला, मग एकेक दाणा चिमटीत दाबून साल काढा. मी आणि माझ्या आत्तेसासूबाई स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून समोरासमोर बसलो होतो. दाणे किती झाले ते बघायला मी त्यांच्या पातेल्यात हात घातला आणि बोटाला काहीतरी मऊ लागलं. अळी. दाण्यांसारखीच हिरवी, दाण्यांतच वळवळत होती. वरखाली करून बघितलं तर आणखी दोन.

"अंबक्का, अळ्या आहेत हो यात."

"असतील. अवरेकाईत अळी नाही तर काय मोती निघणार?" असं म्हणून त्यांनी पुढची शेंग उचलली.

मी हात धुवायला उठले ती परत बसलेच नाही. अळीची किळस नव्हती, मी निपाणीकडची, शेतातली मुलगी. पण अंबुबाईंच्या हातून अळी सुटते म्हणजे काय? ते मला पटेना.

अंबुबाई म्हणजे माझ्या यजमानांची सख्खी आत्या. घरात, गल्लीत सगळे त्यांना अंबक्का म्हणतात. यांचं घराणं तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं, त्यामुळे घरातली मराठी अर्धी कन्नडच. अंबक्का एकोणिसाव्या वर्षी घड्याळाच्या कारखान्यात लागल्या आणि तेहेतीस वर्षं तिथेच राहिल्या. डोळ्याला भिंग लावून केसाएवढी स्प्रिंग बसवायची, वर काटे बसवायचे, हे त्यांचं काम. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणतात, "वेळ कुठे होता? होता तेवढा लोकांच्या मनगटावर बांधत होते." मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा त्यांनी दारातून, चार हातांवरून, माझ्या पोळीतला केस ओळखला होता. मी अजून ते विसरलेले नाही. त्याही विसरलेल्या नाहीत.

आता चौऱ्याहत्तर वय. आणि तीन अळ्या.

सकाळची पूजा आटपली की वहीत चार ओळी लिहायची मला जुनी सवय आहे. तिथी, नैवेद्य, कोण आलं, कोण गेलं. त्या दिवशी मी ती वही मागे मागे चाळत गेले. दसऱ्यापासूनच काहीबाही लिहिलेलं सापडलं. एका दिवशी: "अंबक्का म्हणतात, सुताराने खिडकीचे गज वाकडे बसवले. गज सरळ आहेत." पुढच्या आठवड्यात: "चहा कपाबाहेर ओतला, मलाच ओरडल्या." मग: "भागुबाई रुसल्या आहेत." भागुबाई आमच्या शेजारीण. देवळात त्या समोरून आल्या, हसल्या, आणि अंबक्का त्यांच्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघत तशाच पुढे गेल्या. भागुबाई मला म्हणाल्या होत्या, "तुझ्या आत्तेसासूला काय पेन्शन वाढली काय गं? माणूस दिसंना झालाय तिला."

मी तेव्हा हसण्यावारी नेलं. आता हसू येईना. दसऱ्यालाच काय झालं होतं? देवघर हलवलं होतं. अक्षराला, माझ्या मुलीला, कॉलेजच्या अभ्यासाला टेबल हवं होतं, म्हणून देव हॉलमधून आतल्या खोलीत नेले. अंबक्का त्यावर एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या बोलल्या तर भीती नसते, गप्प बसल्या की असते.

मला वाटलं, हा राग आहे. काम टाळायचं, चुका करायच्या, आम्हाला दमवायचं. नाही तर मग पोथीचं काय? रोज सकाळी अंघोळ करून त्या आतल्या खोलीत पोथी घेऊन बसत. सुट्या पानांची जुनी पोथी, लाल फडक्यात बांधलेली. एकेक पान उचलून वाचायचं, झालं की डावीकडे पालथं ठेवायचं. खणखणीत आवाजात, एक अक्षर इकडचं तिकडे न होता वाचत. त्या बारीक टायपातलं वाचता येतं आणि अळी दिसत नाही?

यांना सांगितलं तर म्हणाले, "वय झालंय तिचं, सोड." अक्षरा म्हणाली, "आई, तू पोलिसात जायला हवं होतंस."

मी सोडलं नाही. गुरुवारी पहाटे, त्या अंघोळीला गेल्या असताना, मी पोथीला हात लावला. त्या दिवशी पाचवा अध्याय होता. मी पाचव्याची पानं काढून घेतली, पदराखाली धरली आणि त्या जागी आठव्याची पानं लावली. माझा हिशेब असा, की पहिल्या ओळीलाच त्या कडाडतील, "माझ्या पोथीत कोणी हात घातला?" आणि मी म्हणेन, दिसतंय की मग सगळं! देवाच्या पुस्तकाशी असला खेळ मी केला. देवापुढे कान पकडून झालेत, पण लिहायचं तर खरं लिहायला हवं.

अंबक्का आल्या. बसल्या. नमस्कार करून पहिलं पान हातात धरलं आणि पाचवा अध्याय सुरू केला.

मी दाराशी उभी. त्यांच्या हातात आठव्याचं पान, तोंडात पाचवा अध्याय. जिथे पाचव्याचं पहिलं पान संपतं नेमक्या त्याच शब्दाला त्यांनी ते पान पालथं घातलं, दुसरं उचललं. एकदाही अडखळल्या नाहीत. नजर पानावर नव्हतीच, पानाच्या कडेला, जमिनीवर कुठेतरी होती. पदराखालच्या पानांचा माझ्या हाताला चटका बसल्यासारखं झालं.

शेवटपर्यंत थांबले. फलश्रुती झाली. मग मी समोर बसून म्हटलं, "अंबक्का, ही पानं आठव्याची आहेत."

त्यांचा हात फडक्याच्या गाठीवरच राहिला. मग म्हणाल्या, "तू केलंस?"

"हो."

"शाबास. आमचा सुपरवायझर पण इतका नीच नव्हता."

मी रडायलाच लागले. त्या नाही रडल्या. "रडतेस कशाला? तुझे तर दोन्ही शाबूत आहेत," म्हणाल्या. मग एकेक बाहेर आलं. डावा डोळा दोन वर्षांपूर्वीच गेला होता. मधोमध कोणी राखेचा अंगठा उठवावा तसा करडा डाग. कडेचं दिसायचं, मधलं नाही. सहा वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढला होता, तोच परत आला असं त्यांनी ठरवून टाकलं. उजवा चांगला होता, त्यावर काम चाललं होतं. दसऱ्यापासून उजव्यालाही सरळ रेषा वाकड्या दिसायला लागल्या. गज, दाराची चौकट, पोथीतल्या ओळी. आता तर शब्दाचं मधलं अक्षरच गायब व्हायचं. पोथी चाळीस वर्षांची पाठ, म्हणून कोणाला पत्ता लागला नाही.

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत? आंधळी म्हातारी म्हणून कोपऱ्यात बसवलं असतंत. देव बसवलेत तसेच."



दुसऱ्याच दिवशी जयनगरला एका डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर भव्या म्हणून, अक्षरापेक्षा फार मोठ्या नसाव्यात, कन्नडमधून बोलणाऱ्या. त्यांनी चौकटी-चौकटींचा एक कागद दिला, मधे काळा ठिपका. एक डोळा झाकायचा, ठिपक्याकडे बघायचं, आणि रेषा कशा दिसतात ते सांगायचं. डाव्याला ठिपकाच सापडेना. उजव्याला रेषा पोट सुटल्यासारख्या. मग मशीनपुढे हनुवटी टेकवून डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढला.

डॉक्टर म्हणाल्या, हा मोतीबिंदू नाही. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, अगदी मधोमध, मसुराच्या डाळीएवढी एक जागा असते. वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं सगळं त्या जागेचं काम. वयामुळे तिची झीज होते. काहींची नुसती हळूहळू कोरडी झीज. काहींच्या पडद्याखाली नको त्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि गळतात. अंबक्कांचं हे दुसरं. डाव्याला गळून गळून वण पडला, तिथे आता करण्यासारखं काही नाही. उजव्याची गळती ताजी आहे. डोळ्यात इंजेक्शन द्यायचं, आधी महिन्याला एक असे तीन महिने, पुढचं डोळा बघून ठरवायचं. आणि पहिलं याच आठवड्यात.

"कारखान्यात भिंग लावून डोळे शिणवले, त्याने झालं का?" अंबक्कांनी विचारलं.

"नाही अज्जी. डोळे वापरून हे होत नाही. वयाने होतं, घराण्यात असलं तर होतं. सिगारेटने वाढतं. तुम्ही ओढत नाही ना?"

"अय्यो! मी कशाला ओढू? सुपरवायझर ओढायचा."

डॉक्टर हसल्या. अंबक्का हसल्या नाहीत. रिक्षात बसल्याबसल्या म्हणाल्या, "बघितलंस? मेलेल्या डोळ्याला काही करणार नाही, आणि चालू डोळ्यात सुई घालणार. उलटा कारभार. कमिशन असणार."

खोटं कशाला सांगू, मलाही तसंच वाटलं. बिघडलं ते राहू द्या आणि चांगल्याला भोसका, हे कुठलं शास्त्र? मी डॉक्टरांना विचारलंही होतं, थांबून बघितलं तर? त्या म्हणाल्या होत्या, "थांबलात तर उजवाही डाव्यासारखा होईल. माझ्यावर विश्वास नसेल तर दुसरीकडे दाखवा. पण या आठवड्यातच दाखवा." ज्याला फसवायचं असतं तो दुसरीकडे जा म्हणत नाही. की मुद्दाम म्हणतो? रात्रभर माझ्या डोक्यात हेच.

शनिवारी नवा संशय. अंबक्का संध्याकाळपासून उशीच्या खोळीत हात घालून काहीतरी चाचपत होत्या. मी आता पानं बदलणारी बाई, मला लाज कसली. सरळ विचारलं. त्यांनी एक छोटी बाटली काढली. भागुबाईंनी आणून दिली होती. त्यांची बहीण देवनहळ्ळीला असते, तिथला कोणी एक माणूस देतो. रोज दोन थेंब, महिन्यात साफ दिसतं म्हणे.

"घातलेत?"

"नाही अजून. आधी सांग, यावर काय लिहिलंय? मला वाचता येत नाही."

मी बाटली उजेडात फिरवून बघितली. "काहीच नाही. चिठ्ठीच नाही."

"काय घातलंय ते नाही? तारीख नाही? कोणी तपासलं ते नाही?"

"नाही."

अंबक्कांनी बाटली माझ्या हातातून घेऊन मोरीत ओतली. "ज्या मालावर तपासनीसाचा शिक्का नाही तो माल परत. भागुबाईला सांग, म्हातारी कारखान्यात होती, बाजारात नव्हती." मग म्हणाल्या, "पण त्या पोरगेल्या डॉक्टरीणबाईंचा पण एकच शिक्का झाला. आमच्याकडे एका घड्याळाला दोन तपासनीस असायचे. एकाने दुसऱ्याची चिठ्ठी बघायची नाही. दोघांचं जुळलं तरच माल बाहेर."

सोमवारी आम्ही इंदिरानगरला दुसऱ्या दवाखान्यात गेलो. जयनगरचा रिपोर्ट माझ्या पिशवीत, नारळाखाली दाबून. अंबक्कांनी मला वाटेत बजावलं, "तू तोंड उघडायचं नाहीस."

इथले डॉक्टर वयस्कर, घाईतले. "आधी कुठे दाखवलंय?"

"कुठेच नाही," अंबक्का म्हणाल्या. सोमवारी, उपासाच्या दिवशी, कपाळाला भस्म लावून.

पुन्हा चौकटींचा कागद, पुन्हा मशीन. मी मनात नामस्मरण करत होते, पण कशासाठी करत होते ते मला सांगता येणार नाही. दोघांचं जुळावं म्हणून, की जुळू नये म्हणून? जुळलं तर सुई होती. न जुळलं तर काय होतं कोणास ठाऊक.

डॉक्टरांनी फोटो बघितला. "डाव्यात वण आहे, त्याला आता इलाज नाही. उजव्यात गळतंय. इंजेक्शन लागणार. आज-उद्यात घ्या, उशीर करू नका. पूर्ण अंधत्व येणार नाही, कडेचं दिसत राहील, पण हे मधलं गेलं की परत येत नाही."

अंबक्कांनी माझ्यासमोर हात पसरला. मी नारळ बाजूला करून जयनगरचा रिपोर्ट काढून दिला. त्यांनी तो टेबलावर ठेवला. "सरी, बरोबर. जुळलं."

डॉक्टरांनी तो वाचला आणि चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं. "मला परीक्षेला बसवलंत की काय?"

"पास झालात," अंबक्का म्हणाल्या.

मंगळवारी जयनगरलाच इंजेक्शन झालं. मला आत घेतलं नाही. बाहेर बसून मी जप केला. अंबक्का बाहेर आल्या त्या रागातच. "एवढंच? डोळा बधिर करायचे थेंब, पिवळ्या पाण्याने धुणं, मग चिमटा लावून पापणी उघडी धरली. सुई पांढऱ्या भागात. पाच म्हणेपर्यंत संपलं. याच्यासाठी मी आठवडाभर जेवले नाही!" नर्सने सांगितलं, डोळा चोळायचा नाही, काही दिवस डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. लाल डाग दिसेल, तो जाईल. पण दुखणं वाढलं किंवा दिसायचं कमी झालं तर सकाळची वाट न बघता यायचं. ते मी वहीत लिहून घेतलं आणि नर्सकडून परत वाचून घेतलं.

त्यानंतर घरात थोडे बदल झाले. त्यातले अर्धे माझे आणि अर्धे त्यांनी माझ्यावर लादलेले. देवघरात वर मोठा दिवा लावला. पांढऱ्या कपात चहा द्यायचा नाही, कडा दिसत नाही, निळा कप. दाणे निवडायला स्टीलचं पातेलं नको, काळी परात. फ्रिजवर चौकटींचा कागद, रोज चष्मा लावून, एकेक डोळा झाकून बघायचा. गोळ्यांचा एक डबा भागुबाईंनी कुठूनतरी आणला, तोही आधी डॉक्टरांना दाखवला. त्या म्हणाल्या, आत्ता गरज नाही, पालक-मेथी खाऊ द्या. यांनाही डॉक्टरांनी डोळे तपासून घ्यायला सांगितलं, पन्नाशी उलटली आहे आणि रक्ताचं नातं आहे म्हणून. ते अजून गेलेले नाहीत. त्यांच्यावर माझं लक्ष आहे.

आणि अंबक्का मान जराशी वळवून बघायला शिकल्या. कडेचं चांगलं दिसतं, मग कडेनेच बघायचं. भागुबाईंना त्यांनी दारातच सांगून टाकलं, "मी तुझ्या कानाकडे बघते असं वाटलं तर समज, मी तुलाच बघतेय. आणि तुझं ते औषध मोरी साफ करायला चांगलं आहे." भागुबाई दोन दिवस आल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी कोथिंबिरीच्या वड्या घेऊन आल्या.

फेब्रुवारीअखेर दुसरं इंजेक्शन झालं. त्याआधीच्या फोटोत पडद्याखालचं गळलेलं पाणी कमी झालेलं होतं. अक्षरांच्या तक्त्यावरच्या दोन ओळी त्यांनी जास्त वाचल्या. डॉक्टर म्हणाल्या, एवढं येईलच असं मी म्हटलं नव्हतं. आहे ते टिकलं तरी पुष्कळ.

आता उगादीचा पाडवा तोंडावर आला आणि अंबक्कांचं परत सुरू झालं. "रेषा सरळ झाल्या. मग तिसरी सुई कशाला? तुला काही मिळतंय का गं त्यात?" मी म्हटलं, औषध उतरलं की परत गळेल असं डॉक्टर म्हणाल्या आहेत. "त्या म्हणणारच." मी वाद घातला नाही. पण आज सकाळी मी कणीक मळताना तिरक्या डोळ्याने बघत होते. त्यांनी डावा डोळा झाकला, कागदाकडे बघितलं. हात काढला. परत झाकला, परत बघितलं. एरवी एकदाच बघतात.

दुपारी जेवताना त्यांनी भाताचा घास हातात धरून ठेवला आणि म्हणाल्या, "खालच्या कोपऱ्यात एक रेष परत पोट काढते. पाच-सहा दिवस झाले. तुला सांगितलं नव्हतं."

"का?"

"तू लगेच पळवशील म्हणून."

मी उठले, हात धुतला आणि दवाखान्यात फोन लावला. तारीख पुढच्या आठवड्यातली होती. तिथल्या बाईंनी डॉक्टरांना विचारून सांगितलं, इतकं थांबू नका, उद्याच आणा.

अंबक्का ऐकत होत्या. "फोनवर कोण होतं? डॉक्टर स्वतः की ती टेबलावरची?"

"टेबलावरची. डॉक्टरांना विचारून आली."

"विचारलं कशावरून?" असं म्हणाल्या खऱ्या, पण संध्याकाळी त्यांनी स्वतःच केस धुऊन घेतले, कारण नंतर काही दिवस डोक्यावरून पाणी घेता येत नाही. कपाटातून इस्त्रीची साडी काढून खुर्चीवर टाकली. मधे एकदा मला हाक मारून विचारलं, रिपोर्टांची पिशवी कुठे आहे, आणि मी दाखवली ती जागा हाताने चाचपून खात्री करून घेतली.

उद्या सकाळी साडेदहाला अंबक्कांना जयनगरला जायचं आहे, उजव्या डोळ्याच्या तिसऱ्या इंजेक्शनला.